भिंतीवरची बुरशी: आधी पाणी शोधा, रंगाचं मग बघू

पुण्यात वर्षाकाठी 700 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या निम्माही नाही. तरी जुलै-ऑगस्टमध्ये कोथरूड, वारजे, बावधनकडच्या घरांत कपाट उघडलं की कुबट वास येतो, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरा बुरा दिसतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर काळे ठिपके उमटतात. पाऊस किती पडला यापेक्षा ऊन किती दिवस पडलं नाही, याच्याशी बुरशीचा जास्त संबंध आहे. आपल्याकडचा पाऊस एकदा कोसळून मोकळा होत नाही, आठवडा आठवडा रिपरिपत राहतो. सह्याद्री जवळ असल्यामुळे शहराच्या पश्चिमेला तो पूर्वेकडच्या हडपसर-खराडीपेक्षा जास्तच.

यावरचा आपला ठरलेला उपाय म्हणजे दिवाळीच्या तोंडावर पेंटरला बोलावणं. तो पोपडे खरवडतो, पुट्टी मारतो, रंगाचे दोन हात देतो. पाहुण्यांपुरती भिंत झकास दिसते आणि पुढच्या श्रावणात त्याच जागी तेच ठिपके येतात. येणारच, कारण चार महिने पाणी प्यालेल्या भिंतीला रंग लावणं म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट चढवणं. आतलं पाणी आतच कोंडतं.

बुरशीचे बीजकण हवेत बारा महिने असतात, ते कुणालाही घालवता येत नाहीत. धूळ, लाकूड, कापड, कागद, रंगातले घटक हे तिचं खाद्यही घरात असतंच. आपल्या ताब्यात राहतं ते पाणी. म्हणून कामाचा क्रम असा: ओल कुठली ते ओळखा, ती थांबवा, मग बुरशी साफ करा, भिंत वाळू द्या आणि रंग सगळ्यात शेवटी.

पहिलं काम: ओल कुठून येते ते ओळखा

सगळा वेळ इथे घालवलात तरी चालेल. निदान चुकलं की पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो.

डाग कुठे आहे, हे आधी पाहा. जमिनीलगत, साधारण कमरेपर्यंत, पांढरी पावडर आणि सुटलेलं प्लास्टर दिसत असेल तर ती जमिनीतून चढणारी ओल. पावडर म्हणजे लोणा, भिंतीतले क्षार. थेंबभर पाणी टाकलं की लोणा विरघळतो. बुरशी विरघळत नाही, बोटाला चिकट लागते. तळमजल्यावर आणि पेठांमधल्या जुन्या वाड्यांत हा प्रकार नेहमीचा. वाड्याच्या चुन्या-मातीच्या भिंतीला कुणी वरून सिमेंटचं प्लास्टर केलं असेल तर ओल आणखी वर चढते, कारण चुन्यातून बाहेर पडणारं पाणी सिमेंट अडवून धरतं. तिथे परत चुन्याचंच काम करून घ्यावं.

छताला गोल, कडेने पिवळसर, हळूहळू मोठा होणारा डाग असेल तर वरून पाणी येतंय. वर गच्ची असेल तर गच्ची, फ्लॅट असेल तर बहुधा बाथरूम.

बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पश्चिम आणि नैऋत्येच्या, पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत ओले पट्टे उमटत असतील तर झड भिंतीतून आत शिरते आहे. पुण्यात पावसाळी वारा त्याच दिशेने येतो. प्लास्टरला गेलेले केसासारखे तडे पुरेसे असतात.

आणि भिंत हाताला कोरडीच लागते, पण कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, पलंगाच्या डोक्याशी, पडद्याआड बारीक काळे ठिपके पसरलेत? मग गळती वगैरे काही नाही. ती घरातल्या हवेची ओल आहे. फ्लॅटमध्ये हा प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो, आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला हजारो रुपये देऊनही तो जात नाही.

ओल भिंतीतून येतेय की हवेतली आहे ते कळत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. डाग सुक्या कापडाने पुसा आणि फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव जमलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर दोष हवेचा.

गळतीचा माग काढताना

खिडकीपासून सुरुवात करा. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात. पट्टीत साचलेलं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून ती ठेवलेली असतात. त्यात धूळ, कबुतराची पिसं आणि रंगाचे थेंब जाऊन ती बुजतात, पट्टीत पाणी भरतं आणि आत उतरून सिलच्या खालची भिंत भिजवतं. बांबूची काडी घालून भोकं मोकळी करा आणि मगभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का पाहा. कित्येक घरांतली ‘गळती’ एवढ्यावर थांबते. मग फ्रेमभोवतीचं सिलिकॉन सुटलंय का, एसीच्या पाइपचं भोक नीट बुजवलंय का, ग्रिलच्या बोल्टपाशी तडा आहे का, छज्जावर कुंड्या ठेवल्याने पाणी अडतंय का, हे सगळं पावसात बाहेर डोकावून बघा.

वरच्या बाथरूमचा संशय असेल तर वरच्यांना दोन-तीन दिवस ते बाथरूम बंद ठेवायची विनंती करा. डाग वाळू लागला तर उत्तर मिळालं. पुढे फरशी दोषी की जोड, हे शोधायला प्लंबर नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं भोक) बोळ्याने बंद करून फरशीवर दोनेक इंच पाणी, शक्यतो रंग मिसळून, दिवसभर साठवतात. साठवलेलं असतानाच खाली ओल आली तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. पाणी सोडल्यावरच आली तर ट्रॅपचा किंवा पाइपचा जोड गळतोय. या दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे सगळं बाथरूम उखडायला होकार देण्याआधी ही चाचणी मागाच.

भिंतीतल्या पाइपसाठी घरातले सगळे नळ बंद करून मीटर असेल तर तासभर त्यावर लक्ष ठेवा. काटा हलला तर कुठेतरी पाणी जातंय.

दुरुस्ती कोणी करायची?

इथे सोसायटीच्या मीटिंगांमध्ये आवाज चढतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइपलाइनची गळती ही सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. सभासदाच्या संडास-बाथरूममधून, सिंकमधून पाणी खाली जात असेल तर तो खर्च त्या सभासदाचा. तारखेसकट फोटो काढा आणि सेक्रेटरीला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. जिन्यात भेटल्यावर ‘बघतो हो’ म्हणाले, याची नोंद कुठेच होत नाही.

नवा फ्लॅट असेल तर 2016 चा रेरा कायदा कामाला येतो. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो 30 दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. न केल्यास महारेराकडे तक्रार करता येते.

घरातल्या हवेचा हिशोब

आता गळती नसलेल्या घरांकडे येऊ. 12 बाय 10 ची, दहा फूट उंचीची खोली घ्या. 24 अंशांना त्या खोलीतली हवा फार तर पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. आषाढात त्यातला 80 टक्के वाटा आधीच भरलेला असतो. म्हणजे जागा उरली जेमतेम दीडशे मिलिलिटरची, पेलाभर पाण्याची. त्या खोलीत आपण मशीनमधून काढलेले कपडे दोरीवर टाकतो. पिळून निघालेल्या एका लोडमध्येही दोनेक लिटर पाणी सहज असतं. ते जाणार कुठे? खोलीतल्या सगळ्यात थंड आणि हवा न लागणाऱ्या जागी, म्हणजे बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे.

गॅसचाही असाच हिशोब आहे. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत येतं. महिन्याला एक सिलिंडर लागत असेल तर रोजचं पाऊण लिटर नुसत्या ज्योतीतून, भाताच्या आणि वरणाच्या कुकरची वाफ वेगळी. पाइप बाहेर न काढलेली, फिल्टरमधून हवा परत घरात सोडणारी चिमणी तेलकटपणा कमी करते. वाफेच्या बाबतीत ती शोभेचीच.

दोनेकशे-तीनशे रुपयांपासून मिळणारा, हवेतला दमटपणा टक्क्यांत दाखवणारा डिजिटल हायग्रोमीटर आणा. आणल्यावर तो खरं बोलतो का ते तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते लगद्यासारखं ओलं करा, हायग्रोमीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 टक्क्यांच्या आसपास आकडा हवा. 80 दाखवला तर पुढे दर वेळी 5 वजा करायचे. मग तो दोन दिवस हॉलमध्ये आणि दोन दिवस कपाटाच्या आत ठेवा. कपाटातला आकडा आठ-दहाने जास्त असेल तर कपाट भिंतीपासून सरकवायची वेळ झाली.

आकडा 60 च्या खाली ठेवा, हे पुस्तकी उत्तर. भर पावसाळ्यात पुण्यात मशीनशिवाय ते जमत नाही. 70 च्या आत राहिला आणि भिंतींना वारा लागत राहिला तरी बहुतेक घरं निभावून जातात. त्यासाठी:

कपडे वाळवायला एकच जागा ठरवा, ड्राय बाल्कनी असेल तर तीच. नसेल तर एका खोलीचं दार लावून घ्या, खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि पंखा लावा. मशीनमध्ये स्पिन दोनदा चालवा. दुसऱ्या स्पिनला लागणारी वीज किरकोळ आहे, आणि निघालेलं पाणी थेट मोरीत जातं. आणि ‘वाळल्यासारखे’ कपडे कपाटात ठेवू नका, आधी इस्त्री फिरवून गार होऊ द्या.

आंघोळीनंतर बाथरूमचा एक्झॉस्ट अर्धा तास तरी चालू ठेवा आणि दार लावून घ्या. दार उघडं टाकलं तर वाफ बेडरूममध्ये येते. हवा आत यायला दाराखाली फट मात्र हवी. वायपरने फरशी आणि टाइल्स ओढून घ्यायला मिनिटभर लागतं, आणि त्या एका मिनिटाचा फायदा मोठा आहे.

कपाट, दिवाण, शोकेस बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा. जागा अडते, बायको-नवऱ्यात कुरकुर होते, पण दुसरा इलाज नाही. भिंतीतच बसवलेलं वॉर्डरोब असेल तर दाराला वर-खाली जाळ्या बसवून घ्या आणि कपडे कोंबू नका.

खिडक्या उघडायच्या की बंद ठेवायच्या, यावर घराघरात दोन पक्ष असतात. दुपारी उघडीप मिळाली की समोरासमोरच्या सगळ्या उघडा. रिपरिप चालू असेल तर वाऱ्याकडच्या बंद, विरुद्ध बाजूच्या थोड्या उघड्या. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी मात्र बाहेर पाऊस असला तरी एक खिडकी उघडी हवीच. आतली हवा त्या वेळी बाहेरच्यापेक्षा ओली असते.

एसीचा ड्राय मोड खरोखर उपयोगी आहे. घरात दम्याचा रुग्ण असेल, किंवा कितीही केलं तरी आकडा 75 च्या खाली येत नसेल, तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं मशीन, घ्यावा. तो चालू असताना खिडक्या बंद, नाहीतर तुम्ही मुळा-मुठेच्या खोऱ्याची हवा वाळवत बसाल.

कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे छोट्या बंद जागेत चांगलं काम करतात. पण त्यात साठलेलं पाणी सांडलं तर कपडा आणि चामडं खराब होतं, आणि लहान मुलांच्या हाती ते लागता कामा नये. सिलिका जेल ओव्हनमध्ये 110-120 अंशांना तास-दोन तास वाळवून पुन्हा वापरता येतं. वाटीत मीठ किंवा तांदूळ ठेवण्याने खोलीला फरक पडत नाही. कापूर आणि डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी आहेत, बुरशीसाठी नाहीत. धूप घातल्याने वास झाकतो एवढंच.

बुरशी साफ करताना

तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरी साफ करता येतो. त्याहून मोठा असेल, किंवा सांडपाण्याने भिजलेली भिंत असेल, तर जाणकार माणसाला बोलवा. दमा, अॅलर्जी असलेल्यांनी, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे त्यांनी आणि लहान मुलांनी त्या वेळी घरात थांबू नये.

1. एन-95 मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. पंखा चालू ठेवून पुसणं म्हणजे बीजकण घरभर वाटणं.

2. कोरडा ब्रश किंवा झाडू फिरवू नका. आधी साबणाच्या पाण्याने डाग हलका ओला करा.

3. टाइल्स, काच, ऑइलपेंट अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावर साबणाच्या पाण्याने घासून धुवा. डाग उरला तर लिटरभर पाण्यात साधारण 60 मिलिलिटर घरगुती ब्लीच घालून लावा, दहा मिनिटांनी धुऊन टाका. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही: ना व्हिनेगर, ना अमोनियावालं काचेचं क्लीनर आणि टॉयलेट क्लीनर तर मुळीच नाही. त्यातल्या अॅसिडशी संयोग होऊन क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

4. डिस्टेंपरच्या भिंतीवर ब्लीचचा भरवसा धरू नका. वरचा रंग उडून डाग गेल्यासारखा वाटतो, प्लास्टरमध्ये शिरलेली बुरशी तशीच राहते. तिथे साबणाच्या पाण्याने नीट पिळलेलं फडकं फिरवा, सारखं बदलत राहा. फुगलेला रंग आणि पुट्टी ओली करून खरवडून काढा.

5. फडकी पिशवीत बांधून लगेच टाका. मग पंखा पूर्ण वेगाने लावून भिंत वाळवा. भिजलेली कुठलीही वस्तू 24 ते 48 तासांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही, हा आकडा पाइप फुटला तरी लक्षात ठेवा.

2021 मध्ये म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ म्हणत होते, त्यामुळे भिंतीवर काळं दिसलं की अजून लोक धास्तावतात. भिंतीवरची बुरशी सहसा वेगळ्या जातींची असते आणि रंगावरून ती किती घातक ते कळत नाही. पण मेलेली बुरशीही अॅलर्जी करतेच, म्हणून नुसतं ‘मारून’ भागत नाही, पुसून काढावी लागते. खोकला, शिंका, धाप घरात वाढते आणि गावाला गेल्यावर कमी होते असं असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

काय ठेवायचं, काय टाकायचं

कापसाची गादी, उशी, फुगलेलं पार्टिकल बोर्ड, ओलं झालेलं फॉल्स सीलिंग आतून बुरसटलं असेल तर टाकून द्या. सागवान पुसून, वाळवून, पॉलिश करून टिकतं. पुस्तकं बाल्कनीत नेऊन मऊ ब्रशने झटका, उभी उघडून सावलीत वाऱ्याला ठेवा.

पैठणी आणि इतर रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आजच बाहेर काढा. जुन्या सुती धोतरात किंवा मलमलमध्ये गुंडाळा, उघडीप मिळेल तेव्हा सावलीत वारा द्या आणि घडी बदला. बुरा आला असेल तर घरी ओला हात लावू नका, कोरड्या मऊ कापडाने बाहेर झटकून ड्रायक्लीनिंगला द्या.

स्वयंपाकघरातलं एकच सांगतो: बुरशी आलेले शेंगदाणे निवडून, भाजून वापरू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पुरतं जात नाही.

रंग कधी?

गळती थांबल्यावर, खरवडलेली भिंत काही आठवडे उघडी ठेवून, प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा पास झाल्यावर. पुण्यात याचा अर्थ फेब्रुवारी ते मे. दिवाळीला पेंटर महाग आणि भिंत ओली, दोन्हीकडून तोटा. आतून वॉटरप्रूफ रंग मारून बाहेरचं पाणी अडत नाही, त्याचे फुगे येतात. तडे बाहेरून भरा, आतून पांढऱ्या सिमेंटची पुट्टी वापरा. ओल येणाऱ्या भिंतीला पीओपी नको, ते पाणी पितं.

मे संपायच्या आत गच्चीवर चक्कर मारून पाणी जायच्या जाळ्यांतला पाला काढा, टाकीच्या खालचे तडे पाहा, खिडक्यांची भोकं मोकळी करा, एक्झॉस्टची पाती धुवा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं असेल तर कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी जाळ्या बंद करून 48 तास पाणी साठवून दाखवायला सांगा. वरच्या मजल्यावरच्यांना तेव्हा घरी थांबायला सांगा, कारण छत त्यांनाच बघायचं आहे.